चमच्याचे ओरखडे

किशोरीने सोनेरी घोडा उलटा केला आणि नाकाजवळ नेला. थिनरचा वास अजून ताजा होता. काम म्हणे महिनाभर खपून घडवलेलं, आणि रंग परवाचा. घोडा जागेवर ठेवून तिने बोटं फडक्याला पुसली. सोनेरी पूड नखांच्या कडेला राहिलीच.

उद्या सकाळी बाहेरचे परीक्षक यायचे होते. अलिबागच्या कला महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या त्रिमितीय कामाचे बारा संच लांब टेबलावर मांडले होते: वस्तू, तिचे चारही बाजूंचे फोटो, रेखाटनं, कामाच्या टप्प्यांचे फोटो. फोटोत अल्पेश घोड्याच्या मानेवर माती लावत होता. घोडा तेव्हाच पुरा झालेला, आणि अल्पेशची नखं नुकती धुतल्यासारखी. गणराजचा गरुड तिने गेल्या वर्षीही पाहिला होता. तेव्हा तो तांबडा होता. शोकेससाठी साच्यातून निघणाऱ्या या वस्तू कुठल्या दुकानात मिळतात हे शेंबडं पोरही सांगेल.

"सगळे पास झाले पाहिजेत, मॅडम," प्राचार्य म्हणाले होते. किशोरीची शिकवण्याची कंत्राटी नोकरी मेमध्ये संपत होती. काम विद्यार्थ्याने स्वतः केलं आहे, अशा अकरा कागदांवर तिने सह्या केल्या. दर सहीला तोंडात आंबूस पाणी येई. ते गिळायचं आणि पुढचा कागद ओढायचा.

बारावा संच पूनमचा. पूनम पेणजवळच्या गावातली, वडिलांचा गणपतींचा कारखाना. तिने बाजारात सुकट विकणाऱ्या नीराबाईचं डोकं केलं होतं: डावा डोळा अर्धा मिटलेला, ओठ भांडणाच्या तयारीत. रंग नाही, नुसती सुकलेली माती. मात्र कान मूर्तीच्या कानांसारखे नेटके होते. किशोरीने टिचकी मारली. पोकळ.

"टप्प्यांचे फोटो कुठे आहेत?"

"फोन भावाकडं असतो, मॅडम. तो कामाला उरणला जातो."

"साच्यातून काढलंस?"

"न्हाय. हातानं केलंय."

"पोकळ आहे हे."

"आधी भरीव केलेलं. मग टाळू कापून चमच्यानं आतून पोखरलं, आणि टाळू परत चिकटवली. भरीव ठेवलं तर सुकताना तडकतं."

"आणि तळ का बंद केलास?"

"आमच्याकडं उघड्या तळाची मूर्ती कोन घेत न्हाय. सवय."

दिवसभर गिळलेलं सगळं किशोरीच्या जिभेवर आलं.

"बाबांकडे साचे किती गं?"

"दीडशे असतील."

"म्हणजे नीराबाई एकशेएक्कावन्नावी."

"नीराबाईला साच्यात घालायला गेलं तर साचाच पळून जाईल," पूनम म्हणाली. हसली मात्र नाही.

"आत बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

"तळ कापला तर फुटंल, मॅडम. माती हाडासारखी सुकलीय."

"कारणं नकोत मला."

किशोरीने खणातून करवतीचं पातं काढलं, डोकं आडवं केलं आणि तळाच्या कडेवर पातं टेकवलं. चौथ्या ओढीला हनुवटीपाशी बारीक चर्र झालं. भेग गालावरून कानापर्यंत गेली. तिने हात काढून घेतला, पण तोवर नीराबाईचे दोन तुकडे झाले होते आणि एक कान टेबलाखाली पडला होता.

आता आत पाहणं तिला टाळता येणार नव्हतं. साच्यात माती दाबली की आत अंगठ्यांचे खळगे राहतात. इथे एकही खळगा नव्हता. एकमेकांना कापत जाणारे वाकडे, खोल ओरखडे होते, चमच्याच्या रुंदीचे. टाळूपाशी जोडाची गोल रेघ होती.

पूनम वाकली. कान उचलून तिने ओढणीला पुसला.

"झालं बघून?"

"तपासताना माझ्या हातून फुटलं, असं मी लिहून देते. सहीनिशी."

"आन् मार्क? फुटलेल्याला देतात?"

पूनमने टेबलावरच्या अकरा वस्तूंकडे पाहिलं. कोणता तास कधी आहे हे विचारावं तशा आवाजात तिने विचारलं,

"ह्यांचे तळ कधी बघायचे, मॅडम?"

तोंडात पुन्हा तेच आंबूस पाणी आलं. या वेळी ते गिळवेना. किशोरी बेसिनशी गेली, थुंकली, चूळ भरली. नळ बंद केला. मग परत आली, सोनेरी घोडा जवळ ओढला आणि पातं उचललं.

पूनमने नीराबाईचे तुकडे एका बाजूला सारले आणि टेबलावर वर्तमानपत्राचं एक पान अंथरलं.