काकांच्या मिशीची कुरडई

नीलाबाईकाकूची कुरडई म्हणजे अख्ख्या केज गावात एक नंबर! गोल, पांढरीशुभ्र, एक झाकावी नि दुसरी काढावी. पण तिच्या हाताखाली काम करायचं म्हणजे बाई गं! कुरडई जरा तिरकी दिसली की काकू ती मोडायची आणि पुन्हा सोऱ्यात भरायची. मागच्या उन्हाळ्यात तिने शेजारच्या शिवकन्याची कुरडई अशीच मोडली. शिवकन्या हात धुऊन जी गेली, ती परत काकूच्या गच्चीवर आलीच नाही. यंदा तर कुणीच आलं नाही. एकटी पुतणी तेवढी, स्वप्नाली. तिला गच्ची पुन्हा बायांनी भरलेली हवी होती.

पातेल्यात गव्हाचा शिजवलेला चीक वाफाळत होता. गार झाला की तो सोऱ्यातून उतरत नाही, हे काकूला काय सांगायचं? तरी ती पहिल्याच कुरडईत अडकलेली. घातली, मोडली. परत घातली, परत मोडली.

"काकू, चांगली होती की!"

"कळतंय गं मला. पण हात ऐकत न्हाई." काकूचे डोळे भरले. "वर्षाचं काम हाय. बिघडलं तर?"

स्वप्नालीने ओळखलं, समजावून हा हात थांबणार नव्हता. आणि मग तिला एकदम सुचलंच! तिने सोऱ्या ओढून घेतला.

"ही वाळवायचीच न्हाई. आत्ता खाऊन टाकायची. मग कशी का होईना!"

ताटात तिने एक गोल काढला. दोन डोळे. भलंमोठं नाक.

"हे कोण गं?"

"काका!"

काकू बघतच राहिली, मग फिस्सकन हसली. "मिशी कुठाय? आण इकडं." तिने मिशी घातली. एक टोक आखूड वाटलं म्हणून वाढवलं, मग दुसरं वाढवलं. मिशी थेट ताटाबाहेर! दोघी हसून हसून लोळायच्याच बाकी.

पलीकडच्या गच्चीवरून शिवकन्या डोकावली. "काकू, कावून हसायलाव एवढं?"

काकूने ताट तिच्याकडे वळवलं. मग हळूच म्हणाली, "ये की. ह्यांची मिशी खायला."

शिवकन्या आली. गुळासोबत मिशीचं टोक खाल्लं आणि सोऱ्या घेऊन प्लॅस्टिकच्या कागदावर वाळवणाची कुरडई घातली. तिरकीच. काकूचा हात पुढे गेला.

काकूने कुरडईखालच्या कागदाची सुरकुती तेवढी सरळ केली.

"घाल गं पटापट," ती म्हणाली, "चीक गार व्हायलाय."