पिंपळदरीची नागीण

दवाखान्यात कारकून म्हणून लागली तेव्हापासून प्रभावतीला नंबरांचं येड लागलं होतं. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती, आणि बाभुळगावच्या रस्त्यावर असलेल्या पिंपळदरीच्या दवाखान्यात सरकारनं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक धाडलं होतं. जगातल्या प्रत्येक दुखण्याला त्यात एक नंबर. डॉक्टर बबनरावांनी चिठ्ठीवर रोगाचं नाव लिहायचं, प्रभावतीनं पुस्तकात शोधून शेजारी नंबर टाकायचा, आणि महिनाअखेर सगळं यवतमाळला पाठवायचं. बापानं धम्म घेतला तेव्हा ती शाळेत होती. आता घराण्यातली पहिली मॅट्रिक, सरकारी खुर्चीवर बसणारी. घरी आई नुसती खोकली तरी ही नंबर सांगायची.

"माह्या खोकल्याले नंबर कायले पाह्यजे? काढा दे," इंदूबाई म्हणायची.

त्या हिवाळ्यात गावात तापाची साथ आली. ताप उतरला की ओठांवर बारीक फोडांचे घोस उठत. गर्दी एवढी, की डॉक्टर चिठ्ठीवर नुसतं 'हर्पीस' एवढंच खरडत. प्रभावतीनं पुस्तक चाळलं, हर्पीस हा शब्द पहिल्यांदा जिथं दिसला तिथला नंबर उचलला आणि चिठ्ठ्यांमागून चिठ्ठ्यांवर झोकात टाकत गेली.

पुढच्या महिन्यात धुरळा उडवत यवतमाळहून जीप आली. उतरले ते आरोग्य खात्याचे साहेब पुण्याकडचे, स्वच्छ धोतरासारखी मराठी बोलणारे.

"डॉक्टर, तुमच्या एका गावात एवढी नागीण? नागिणीची साथ कधी ऐकली नव्हती!"

एवढं बोलणं शिपायाच्या कानावर पडलं आणि गावभर झालं. नागीण कंबरेला वेढा घालते आणि तोंडाला शेपूट जुळली की माणूस खलास, हे कोणाला ठाऊक नाही? घटकाभरात दवाखान्याचं अंगण भरलं. गावातला उकंडा सदरा वर करून स्वतःभोवती गरगर फिरत होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता, "पाहा ना बाप्पा, मागं आली काय?"

साहेबांनी यादीतलं नाव पुकारलं. कांताबाई पुढं आली, रडवेली.

"बाई, नागीण कुठं उठली होती?"

"मले नाही उठली साहेब. मले तं मुतला."

साहेब दचकले. "कोण?"

"ताप! दुसरा कोण मुतनार?" कांताबाईनं ओठावरची सुकलेली खपली बोटानं दाखवली. "आमच्या बुढ्यालेबी मुतला. आळीत साऱ्यायलेच मुतला."

अंगणात हशा पिकला. प्रभावतीनं मात्र पुस्तक ओढून पान पान पालथं घातलं. हर्पीस दोन होते! एक नागीण. दुसरा हा साधा, ओठावरचा, गावच्या भाषेत 'ताप मुतला' तो. त्याचा नंबर पुढं, वेगळाच. पिंपळदरीतल्या साऱ्या ओठांना तिनं नागीण डसवली होती.

डॉक्टर पुढं झाले. "चूक माझी. मी नाव अर्धंच लिहिलं."

"नाही साहेब," प्रभावती उभी राहिली. "अर्धं नाव दिसल्यावर मी इचारायले पाह्यजे होतं. मी इचारलंच नाही. नंबर टाकाची घाईच लई होती मले."

तेवढ्यात बाहेरून उकंड्याचा आवाज आला, "मंग सदरा खाली घेऊ काय?"

प्रभावतीला हसू फुटलं. तोंडावर पदर दाबला तरी आवरेना. डॉक्टर हसले, कांताबाई खपली धरून "हासवू नोका, ओठ फाटते" म्हणत हसली, आणि शेवटी साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"ठीक आहे, नंबर दुरुस्त करा," ते म्हणाले. "पण बाहेरच्या पोडांवर, रानातल्या वस्त्यांवरही एव्हाना तुमची नागीण पोचली असेल. तिथल्या लोकांची भीती कोण घालवणार? चला, बसा जीपमध्ये. तुम्हीच सांगा त्यांना."

प्रभावती जन्मात जीपमध्ये बसली नव्हती. बौद्धवाड्यावरून जाताना इंदूबाई हातात सूप घेऊन उभी दिसली.

"काहून व, धरून नेऊन राह्यले काय तुले?"

"नाही व माय!" प्रभावती जीपबाहेर वाकून ओरडली. "सांगाले चालली! नागीण नाही, ताप मुतला म्हनून!"

साहेबांनी मान खाली घातली. ड्रायव्हरनं खो-खो हसत जीप भरधाव सोडली, आणि तुरीच्या शेतांमधून जाताना दिसेल त्याला प्रभावती हात हलवत तेच ओरडून सांगत राहिली.