दुसऱ्या रांगेतला माणूस

कुलूपबाईंनी मेलातला फोटो उघडायला माउसवर बोट दाबलं आणि फोटोच्या जागी पडदाभर लाल पाटी उमटली. 'आपण फसलात. ही सुरक्षा चाचणी होती.' खाली बारीक अक्षरांत: 'खरा चोर असता तर?'

त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. पाटी जागची हलली नव्हती.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या त्या कचेरीत त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. कुणाचं मूल दत्तक, कुणाच्या बापाच्या नावाची जागा कोरी, कोण कशानं मेलं, सगळं त्यांच्या टेबलावर यायचं आणि त्यांच्या पोटात राहायचं. कुलूपबाई हे नाव शिपायांनी ठेवलेलं, पण बाईंना ते आवडायचं. पासवर्डची चिठ्ठी कॉम्प्युटरलाच चिकटवणाऱ्यांना त्या विचारत, "घराला कुलूप लावून किल्ली दारालाच टांगता का हो?" बक्षीस लागल्याच्या मेलकडे तर त्या ढुंकूनही पाहत नसत.

पण या मेलात बक्षीस नव्हतं. जुन्या छापखान्यातल्या कामगारांचा फोटो सापडला आहे, असं लिहिलं होतं. दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरे, कानावर पेन्सिल खोचलेले गृहस्थ आपले वडील असावेत. बघून सांगाल का?

अण्णा गेले तेव्हा बाई अकरा वर्षांच्या होत्या आणि धाकटा भाऊ आठ महिन्यांचा. घरात अण्णांचा एकही फोटो नव्हता. बाप कसा दिसायचा, असं धाकटा विचारायचा, तेव्हा त्याला थोपटताना त्या सांगायच्या: तुझं नाक त्यांचंच. आणि कानावर कायम पेन्सिल. जेवतानासुद्धा. आई गेल्यावर ही पेन्सिल जगात दोघांनाच ठाऊक उरली होती.

धाकटा चार महिन्यांपूर्वी याच कचेरीत सुरक्षा तपासनीस म्हणून लागला होता. त्या दिवशी बाईंनी अख्ख्या कचेरीला चहा पाजला होता.

त्या जिना चढून गेल्या. तो खोलीत एकटाच होता.

"पेन्सिल तूच घातलीस ना?"

"ताई, आधी बस तरी."

"बसायला नाही आले."

त्यानं खुर्ची वळवली, पण नजर वर केली नाही. "खरे चोर असंच करतात गं. माणसाची दुखरी जागा शोधून काढतात."

"चोराला शोधावी लागते. तुला मी दिली होती."

मग तो समजावत राहिला. नावं कुठंच जात नाहीत, वर फक्त टक्केवारी जाते, साहेबांनी शब्द दिलाय. बाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की बाकी सगळ्यांना बक्षिसाचा मेल, मग मला एकटीलाच वेगळा का? तो टेबलावरच्या वायरी सरळ करू लागला. मग म्हणाला, "साहेब म्हणाले, त्या बाई कशाला भुलत नाहीत, त्यांच्यासाठी जरा डोकं चालव. मला वाटलं, कौतुकानं म्हणतायत."

बाईंना ते कौतुक माहीत होतं. महिन्यापूर्वी साहेबांनी वर्षभरात जन्मलेल्या सगळ्या मुलांची यादी मागितली होती, आईबापांच्या फोन नंबरांसकट. कुणासाठी, तर एका कंपनीसाठी. कंपनी लोकांची सेवा करणार होती म्हणे. बाई म्हणाल्या, लेखी द्या, लगेच काढते. साहेब हसले होते. लेखी काही आलं नाही.

आठ दिवसांत आदेश निघाला. नव्या सुरक्षा धोरणानुसार, चाचणीत फसलेल्या व्यक्तीला गोपनीय नोंदींवर ठेवता येणार नाही. बक्षिसाच्या मेलाला तेवीस जण भुलले होते. तो म्हणे सराव होता. तेवीस जण तेवीस खुर्च्यांवर तसेच राहिले. आदेशात नाव एकच होतं. लोकांची गुपितं राखायचं धोरण, आणि त्याचा पहिला बळी गुपितं राखणारी बाई. लाज नावाची वस्तू त्या इमारतीत कुठल्याच मजल्यावर नव्हती.

बाईंना तळमजल्यावरच्या कोठीत बसवलं. मोडक्या खुर्च्या, कागदांची रिमं, आणि वर धाकट्याच्या खोलीची जमीन. त्याची खुर्ची सरकली की छतातून आवाज यायचा. त्यांच्या जागी आलेल्या माणसानं कुणाकडे लेखी मागितलं नाही. महिन्याभरात साहेबांचा ड्रायव्हर कोठीत पाणी प्यायला आला आणि कुरकुरू लागला. मुलगी झाल्यापासून फोन थांबत नाही, आज दुधाची पावडर, उद्या विमा. "आम्ही अजून नाव नाही ठेवलं, बाई. कंपनीला मात्र ती कळली." बाईंनी त्याला दुसरा पेला भरून दिला.

कोठीतही कॉम्प्युटर होता आणि फसलेल्यांना शिकवणी सक्तीची होती. धडा सोपा होता: ओळखीच्या नावावर विश्वास ठेवू नका, नातेवाइकाचं असलं तरी. शंका आली की 'संशयास्पद' हे बटण दाबा. चाचणी असेल तर पडदा 'शाबास' म्हणेल. बाईंना पैकीच्या पैकी गुण मिळाले.

एका दुपारी धाकट्याचा मेल आला.

'ताई, तू फोन उचलत नाहीस, दार उघडत नाहीस, म्हणून इथं लिहितोय. मी चुकलो. तो मेल कुणाच्या सांगण्यावरून, कुणासाठी बनवला, ते मी साहेबांच्याही वर लेखी कळवलंय. माझं काय व्हायचं ते होवो. आणि फोटो खरंच सापडला. छापखान्याच्या मालकाच्या मुलीकडे होता, मागे सगळ्यांची नावं लिहिलीयत. दुसऱ्या रांगेतच आहेत, पण डावीकडून पाचवे. नाक माझंच आहे गं. सोबत जोडलाय.'

बाईंनी मेल दोनदा वाचला. माउसवरचं बोट जोडलेल्या फोटोपर्यंत गेलं आणि तिथं थांबलं. छताकडून काहीच आवाज नव्हता. वरचा माणूसही बहुधा हलत नव्हता.

बोट मागे आलं. त्यांनी 'संशयास्पद' दाबलं.

मेल नाहीसा झाला. पडदा शाबास म्हणाला नाही. एक साधी पांढरी चिठ्ठी उमटली: 'ही चाचणी नव्हती. आपली तक्रार सुरक्षा तपासनिसांकडे पाठवली आहे.'

बाई त्या चिठ्ठीकडे बघत बसल्या. थोड्या वेळानं छतातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दाराचा, मग जिन्यावरच्या पावलांचा.

बाईंनी रिमं मोजताना कानावर खोचलेली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली, उठल्या, आणि कोठीच्या दाराला आतून कडी घातली.