दुमडलेलं टोक

वाळूने पेटी सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून आणली. आनंदनगरच्या कंपनीतून सुटल्यावर तो अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनाबाहेरच्या खेळण्यांच्या गाडीवर गेला होता. तिथून बदलापूरला खोलीवर येईपर्यंत त्याने ती एकदाही खाली ठेवली नव्हती.

"स्टेशन," तो बायकोला, आवडीला म्हणाला. "शेवटचं."

त्यांच्या राहीचा आगगाडीचा संच असाच जमत आला होता. इंजिन एका पेटीत, डबे दुसऱ्या पेटीत, रूळ तिसऱ्या. पोरीच्या हातात एक तुकडा द्यायचा आणि बापाला वर्षभर पळवायचं, असा हा धंदा. वर पेटीवर गुबगुबीत पोर हसताना छापायचं. पण राही खूश होती. फरशीवर गाडी गोल गोल फिरवायची आणि दर फेरीला विचारायची, "बाबा, पण माणसं उतरणार कुठं?"

"नीट बघून घेतली ना?" आवडीने विचारलं.

"बघून? अगं, हलवली, कानाला लावली, टेप नखाने खरवडून बघितली. गाडीवाला बोलला, 'भाऊ, सोना खरीद रहा है क्या?' मी म्हटलं, सोनं असतं तर एवढं बघितलं नसतं. एकदम शील पॅक!"

आवडीने पेटी हातात घेतली. टेपचं टोक आत दुमडलेलं होतं.

बारवी धरणाच्या वरच्या पाड्यावर तिची आई पळसाच्या पानांचे भारे बांधायची. वेलाचा बंध मारला की टोक दुमडून सोडायचं, म्हणजे घेणाऱ्याला एका ओढीत भारा सुटतो. आवडीचे हात त्यातच शिकले. आता ती उल्हासनगरात आण्णाच्या दुकानामागच्या गोदामात बसायची. मोडकी, अर्धवट म्हणून परत आलेली खेळणी तिथे यायची. जे नसेल त्याच्या जागी वर्तमानपत्राची घडी कोंबायची, वजन सारखं करायचं, वरून नवी टेप. मग तो माल दुकानात आणि आण्णाकडून माल उचलणाऱ्या स्टेशनांबाहेरच्या गाड्यांवर जायचा. हलवलं तरी आवाज नाही. आण्णा ओरडायचा, "टोक कशाला दुमडतेस? कंपनीचा माल वाटला पाहिजे!" ती हो म्हणायची आणि पुढच्या पेटीला पुन्हा दुमडायची. पोराला उघडताना नख लागू नये, एवढंच तिच्या मनात असायचं. घरी तिने नुसतं 'पॅकिंगचं काम' सांगितलं होतं.

टेप मारणारी बाई आणि पेटी घेणारा बाप एकाच खोलीत राहत असतील, हे असल्या धंद्यात कुणाच्या हिशेबात नसतं.

आणि ही पेटी तिच्या चांगली लक्षात होती. आत स्टेशनाची भिंत होती, सिग्नल होता. फलाट नव्हता. फलाटाच्या जागी तिनेच कागदाची घडी घातली होती.

वाळूने पेटी फळीवर, हिरवा देव म्हणून पुजलेल्या मोरपिसांपुढे ठेवली. पाड्यावरची रीत त्यांनी बदलापुरातही सोडली नव्हती. नवी वस्तू आधी देवाने बघायची, मग माणसाने उघडायची. उघडणार शुक्रवारी, वाळूच्या सुट्टीला. आज बुधवार.

"देव आधी खेळून घेतो का?" राहीने विचारलं.

"मोडत नाही तो," वाळू म्हणाला. "तुझ्यासारखा नाय."

आवडी हसली नाही.

गुरुवारी वाळू पाळीला आणि राही शाळेला गेल्यावर तिने पेटी पिशवीत घातली. गोदामाच्या मागल्या दाराने न जाता ती आण्णाच्या दुकानात समोरून शिरली. गल्ल्यापुढे एक माणूस एका हातात पेटी आणि दुसऱ्यात पोरीचा हात धरून उभा होता.

"ही बदलून द्या." आवडीने पिशवीतली पेटी गल्ल्यावर ठेवली.

"तू इकडे कुठं? आत जा." आण्णाने पेटीकडे बघितलं. "आणि ऐक, शील तोडलेला माल आपण परत घेत नाय."

"तोडलंय कुठं? शील मीच मारलंय."

"हळू बोल ना बाई!"

"आत फलाट नाय, पेपर आहे. तुमच्यापुढंच कोंबला. अंबरनाथच्या गाडीवर पाठवून माझ्याच नवऱ्याला विकलात."

"अरे, मला काय माहीत तुझा नवरा कोण! पोटावर पाय मारून घेतेस स्वतःच्या."

आवडी त्या गिऱ्हाइकाकडे वळली. "भाऊ, टेपचं टोक बघा. दुमडलेलं असलं तर घेऊ नका. कंपनीची टेप दातेरी कापलेली असते, चपटी बसते."

त्या माणसाने हातातली पेटी फिरवून बघितली आणि गल्ल्यावर ठेवून दिली. आण्णाने वरच्या फळीवरची, कंपनीतून आलेली स्टेशनाची पेटी काढली आणि आवडीपुढे आपटली. "ले जा. आणि उद्यापासून तोंड दाखवू नको."

तिने आधी चारी बाजूंनी टेप बघितली. मग पेटी घेतली.

संध्याकाळी वाळूने हातपाय धुतले आणि फळीपाशी थबकला.

"ही माझी पेटी नाय. मी खरवडलेलं कुठं गेलं?"

आवडीने सगळं सांगितलं. गोदाम, कागद, आण्णा. काही गाळलं नाही. वाळू खाटेच्या कडेवर बसला. तो आपल्या अंगठ्याच्या नखाकडे बघत होता.

"एवढं बघून पण फसलो म्हणजे मी."

"तुम्ही बरोबरच बघितलं. मी चिकटवते चांगलं."

त्याला हसू आलं, पण ते अर्ध्यातच थांबलं. "आणि बाकीची पोरं? ज्यांची आई तिथं कामाला नाय?"

आवडीने डोळ्याला पदर लावला. वाळू उठला, तिच्याजवळ येऊन उभा राहिला. "काम गेलं तर गेलं," तो म्हणाला. "बरं झालं समोरून गेलीस."

शुक्रवारी सकाळी राहीने देवाला हात जोडले आणि पेटी मांडीवर घेतली. नख लावलं. टेप हलेना. दुसऱ्या बाजूने लावलं. मग दात लावले.

"आई, टोकच सापडत नाय!"

"आण इकडे," वाळू पुढे झाला. त्याचंही नख घसरलं. बापलेक पेटीला दोन्हीकडून भिडले, एकमेकांना ढकलू लागले.

आवडी चुलीपाशी बसून बघत होती. तिचे हात आपोआप पुढे झाले होते. ते तिने मांडीवर दाबून धरले आणि ती हसू लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"शोधा," ती म्हणाली. "नीट शोधा."