शेवटचे दोन रिपोर्ट

ऑफिसात तिला शंकासुर म्हणत, आणि तिला ते आवडायचंही. भाजीवाल्याचा तराजू म्हणू नका, नवऱ्याचं ‘पाच मिनिटांत पोचतो’ म्हणू नका, तिचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. स्वतःच्या कामावर तेवढा होता, आणि तो जरा जास्तच.

तिच्या कंपनीचं मशीन एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होतं. संध्याकाळी ते बंद केलं की जवळजवळ रोज शेवटचे एक-दोन रिपोर्ट डिस्कवरून गायब होत आणि पेशंटना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागे. लॅबच्या मालक डॉक्टरांच्या मते मशीन चालवणाऱ्या बाई घरी जायच्या घाईत मशीन पुरतं बंद व्हायच्या आतच स्विच खाली पाडत होत्या. कंपनीने मशीन निर्दोष ठरवलं, की बाईंची एकोणीस वर्षांची नोकरी संपणार होती.

निवाडा करायला शंकासुराला पाठवलं. डिस्कवर माहिती नेऊन ठेवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, तिनेच लिहिला होता. आपल्या टेबलावर तिने मशीन पन्नास वेळा बंद केलं होतं. एक रिपोर्ट हरवेल तर शपथ.

तीन दिवस ती लॅबमध्ये लॅपटॉप जोडून बसली. ड्रायव्हर काय काय करतो त्याची ओळन् ओळ स्क्रीनवर उमटत होती. बाई बटण दाबायच्या, हिरवा दिवा विझेपर्यंत थांबायच्या, मगच स्विच बंद करायच्या. तिन्ही दिवस काही हरवलं नाही. समोर बघणारं कोणी असलं की सगळेच शहाण्यासारखे वागतात, असं तिने मनात म्हटलं आणि चौथ्या दिवशी सकाळी मत पाठवून दिलं: मशीनमध्ये दोष नाही.

संध्याकाळी ती केबल न्यायला आली. लॅपटॉप सोडवून होतो तोच बाईंनी मशीन बंद केलं. तसंच, दिवा विझेपर्यंत थांबून. सवयीने तिने ते पुन्हा सुरू करून बघितलं. शेवटचे दोन रिपोर्ट नव्हते.

आधी तिला बाईंचाच संशय आला. पण बाईंनी काहीच वेगळं केलं नव्हतं. वेगळा होता तो फक्त सुटलेला लॅपटॉप. स्क्रीनवर ओळी उमटवण्यात ड्रायव्हरचा क्षणभर जायचा, आणि तेवढ्यात डिस्क हातातलं काम उरकायची. ओळी बंद असल्या की ड्रायव्हर डिस्कला ‘लिही’ सांगायचा आणि उत्तराची वाट न बघता ‘झालं’ म्हणून वीज तोडायचा. घाई बाईंची नव्हती, तिची होती. तिच्या टेबलावर त्या ओळी वर्षभर कधी बंदच झाल्या नव्हत्या.

तिने बाईंपाशी तसं कबूल केलं. बाईंनी पर्समधून एक पाकीट काढलं. नोकरीवरून काढल्याचं पत्र, दुपारीच मिळालेलं.

शंकासुर तडक डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. स्वतःची चूक तिने दोनदा सांगितली, कारण पहिल्यांदा त्यांना पटलंच नाही. पत्र मागे घेतो असं त्यांच्याकडून वदवून घेऊनच ती बाहेर आली.

बाई अजून मशीनपाशी होत्या. त्यांनी दोन पेशंटचे नंबर कागदावर लिहून तिच्यापुढे सरकवले.

“उद्या उपाशीपोटी या म्हणावं त्यांना,” त्या म्हणाल्या. “आज माफी तुम्ही मागा. वर्षभर मीच मागतेय.”

तिने फोन उचलला.