तो डाग माझा नाही

मी टाचणी. हो, तीच टोचणारी! डबीतल्या माझ्या किती बहिणी वाकल्या, गंजल्या, झाडूबरोबर गेल्या. मी टिकले, कारण मी मालकिणीच्या मर्जीतली.

मालकीण शिवणकाम करते. गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणतात. फिटिंग बघताना दोन्ही हात गुंतलेले, म्हणून टाचण्या स्वतःच्याच कुडत्यावर डाव्या छातीशी खोचायची तिची सवय. माझी जागा तीच.

त्याच छातीत गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, तिथली कातडी काळवंडली, बधिर झाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "बऱ्या झालात, पण कातडी बघत जा. कितीही वर्षांनी काही नवं दिसलं, तर लगेच या." सुरुवातीला मालकीण साध्या घामोळ्यालाही घाबरून धावायची. दर वेळी काहीच निघायचं नाही. पुढे तिचं तिलाच हसू यायला लागलं आणि बघणंही सुटलं.

मग एके दिवशी अंघोळ करून आली ती माझ्यावरच डाफरली. छातीवर जांभळट डाग होता, मुका मार लागल्यासारखा.

"हिचेच प्रताप! मेलं टोचलेलं कळतही नाही."

लेक म्हणाली, "आई, दाखवून ये ना."

"टाचणी टोचली म्हणून डॉक्टरकडे जाऊ? हसतील मला!"

अहो, मी नाही टोचले! शप्पथ सांगते, माझं टोक कुडत्याच्या दुहेरी पट्टीतच होतं. पण मला नुसतं डोकं, तोंड कुठंय?

तिने मला बाकीच्या टाचण्यांसकट डबीत कोंडलं. शाळेच्या गणवेशांचे दिवस, तिला मान वर करायला फुरसत नाही. आत माझा जीव टांगणीला. बाई गं, मी इथे आहे, मग आता कोण टोचतंय तुला? एकदा बघ तरी!

आज तिने डबी उघडली. मला खोचायला कुडता धरला आणि गळ्यातून आत बघितलं. डाग पसरला होता, शेजारी आणखी एक आला होता. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"तू नव्हतीसच गं," ती पुटपुटली. मग तिने लेकीला हाक मारली.

मशीनवर गणवेशाची बाही अर्धीच राहिली आहे. दोघी दवाखान्यात गेल्यात, अजून आल्या नाहीत. डॉक्टरीणबाई, उशीर झाला म्हणू नका हो! ती परत आली की मला खुशाल वाकवून फेकून देऊ दे.

देवा, खरंच मीच टोचले असते तर किती बरं झालं असतं!