तिसरी बॅच

औषध खात्यात तपासनीस बाईंना सगळे टरकून असत. कंपन्यांची बडी बडी माणसं त्यांच्या टेबलापुढे आली की उशिरा आलेल्या पोरांसारखी अवघडून उभी राहत. बाईंना त्याचं अप्रूप नव्हतं. घरी दार उघडायला कुणी नसलं, की बाहेरचा दरारा काय चाटायचाय?

जीव लावायला त्यांना एकच घर होतं, धाकट्या बहिणीचं, आणि त्या घरात एकच भाची. तिला लाखात एखाद्याला होतो तसला आजार होता. अंगातले स्नायू हळूहळू कामातून जायचे. परदेशी औषधाची किंमत ऐकूनच बहिणीने त्याचा नाद सोडला होता. मग गावातल्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेने तसलं औषध स्वतः बनवायला घेतलं. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर चांगलं जनुक बसवायचं आणि ते शिरेतून सोडायचं. फक्त एक अट होती. रोगी स्वतःच्या पायांनी चालतोय तोवरच ते द्यायचं; नंतर दिलं तर गुण नाहीच, वर जिवाला धोका. भाची अजून चालत होती, भिंतीला हात लावत का होईना.

ते पास करायचं की नाही हे ठरवणार कोण, तर बाईच. त्यांनी साहेबांना आपणहून नातं सांगितलं, फाइल दुसऱ्या कुणाला द्या म्हणाल्या. साहेबांनी हात वर केले. बाकीच्यांचा जन्म गोळ्या आणि खोकल्याची औषधं तपासण्यात गेलेला. जनुकांतलं कुणाला ओ की ठो कळत नव्हतं. शेवटी ठरलं की फाइल बाईंकडेच राहील, पण निकाल लागेपर्यंत बहिणीकडे जायचं नाही आणि फोनही करायचा नाही. बाईंनी बहिणीला तसं कळवलं. ती एवढंच म्हणाली, बरं.

औषध दर खेपेला सारखंच उतरतं हे पटवायला प्रयोगशाळेने नियमाप्रमाणे लागोपाठ दोन बॅच करून दाखवल्या. दोन्ही तंतोतंत जुळल्या. बाईंनी पुन्हा पुन्हा तपासलं, नाव ठेवायला जागा सापडेना. त्याच सुमारास कँटीनमध्ये पाठीमागच्या टेबलावर कुणीतरी हसत म्हणालं, "माय मरो, मावशी जगो म्हणतात ते उगाच नाही. बघा आता, कसं झटक्यात पास होतं." बाईंनी अर्धा डबा तसाच झाकला. उभ्या आयुष्यात कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. नावाला जपणाऱ्या माणसाला तेवढं एक बोट पुरतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना बोलावून आणखी एक बॅच मागितली. तो सावकाश बोलणारा, सभ्य माणूस होता. नियमात दोनच आहेत, असं तो म्हणाला.

"मला तिसरीही बघायचीय," बाई म्हणाल्या.

तिसरी बॅच म्हणजे पेशी वाढवण्यापासून पुन्हा सगळं आलं. चार-पाच महिने गेले. रविवार बाईंना खायला उठे. पूर्वी त्या दिवशी त्या बहिणीकडे जात, भाचीशी पत्ते खेळत आणि तिने लबाडी केली तरी हरत. आता त्या धुतलेली भांडी पुन्हा धुवत. एकटीपुरतं शिजवायचा हात त्यांना कधी बसलाच नाही. उरलेलं सोमवारी डब्यात जाई. एकदा न राहवून त्या बहिणीच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या. गॅलरीत दोरीवर भाचीचे कपडे वाळत होते. म्हणजे सगळं ठीक असणार, अशी मनाची समजूत घालून त्या परतल्या.

तिसरी बॅच आली. पहिल्या दोन्हींसारखीच होती, तसूभर फरक नाही. बाईंनी सही केली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बहिणीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांनी घंटा वाजवताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

बहिणीने दार उघडलं. तिच्यामागे, खिडकीजवळ, चाकांच्या खुर्चीत भाची झोपली होती. मान एका बाजूला कलली होती. गुडघ्यांवर पांघरूण होतं.

"केव्हापासून?" बाईंनी विचारलं.

"झाले दोन महिने. एक दिवस उठली आणि पायच टाकता येईना."

"मला कळवायचं नाही?"

"तूच म्हणालीस ना, फोन करायचा नाही. वाटलं, आज ना उद्या ही पुन्हा पाय टाकेल, आणि मी फोन केला म्हणून औषधच अडकलं तर." बहिणीने आवाज आणखी खाली आणला. "पास झालं का गं, ताई?"

"आज झालं."

बहीण भिंतीला टेकली. बाईंना खोटं बोलता आलं असतं. खात्याला वेळ लागतोच, म्हटलं असतं तर बहिणीने विश्वास ठेवला असता. पण त्यांच्याने ते झालं नाही.

"दोन बॅचवरच पास करता आलं असतं," त्या म्हणाल्या. "तिसरी मी मागितली. नियमात नव्हती. लोक बोलतील म्हणून मागितली."

बहिणीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. ती रागावली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

"दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर मागितली असतीस?"

"नाही," बाई म्हणाल्या.

बहिणीने मान हलवली. मग ती आत गेली आणि लेकीची कललेली मान सरळ करून तिच्या खाली उशी ठेवू लागली. बाई दारातच उभ्या होत्या. त्यांना कुणी आत ये म्हणालं नाही, आणि जा असंही म्हणालं नाही.